आधी नळाला पाणी, मग पट्टी

नारायण पेठेतल्या एका वाड्यात मला बोलावलं, तेव्हा नानांच्या पायाची करंगळी काळी पडली होती आणि जखम सात आठवड्यांची झाली होती. लक्ष्मी रस्त्यावरून आणलेली नवी चप्पल चावली, फोड आला, फुटला आणि मग सगळ्या घरांत होतं तेच झालं. आधी हळद, मग घरातलं उरलेलं मलम, मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रोज पट्टी. पट्टी अगदी नीटस, पांढरीशुभ्र. सूनबाईंनी वहीत हिशोब ठेवला होता : ४१ पट्ट्या. या ४१ वेळांत पावलाची नाडी कुणी हाताने चाचपली होती का, असं मी विचारलं.

"पायाला नाडी असते?" सूनबाई म्हणाल्या.

असते. तिथूनच सुरुवात करायला हवी, म्हणून हे लिहितेय. मी नर्स आहे. बारा वर्षं रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात काढली, आणि आता दहा वर्षं स्कूटरच्या डिकीत ड्रेसिंगची पेटी घेऊन धायरीपासून हडपसरपर्यंत घरोघर जाते. डॉक्टरांच्या जागी बसायचा माझा विचार नाही. पण असा पाय घरात असेल तर कधी काय करायचं, कुणाला काय विचारायचं आणि कुठल्या गोष्टीला हात लावायचा नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

पुण्यातल्या माणसाला ही गोष्ट समजवायला मी खडकवासला काढते. धरण भरलेलं आहे, म्हणजे हृदय ठीक चाललंय. पण तुमच्या गल्लीची पाइपलाइन आतून गंजून बंद झाली असेल तर तिसऱ्या मजल्यावर थेंब येणार नाही. पावलाची जखम म्हणजे तिसरा मजला. नळाला पाणी नसताना बादली कितीही घासली तरी ती भरत नाही, तसंच रक्त पोचत नसलेल्या जखमेवर रोज पट्टी बदलण्याचं आहे. आणि उलटही खरं : पाणी आलं आणि बादलीच फुटकी, तर तेही वाहून जातं. आत बारीक फुगा घालून नस, म्हणजे रक्तवाहिनी, उघडली आणि नंतर जखमेकडे कुणी पाहिलं नाही, असे पायही मी पुष्कळ पाहिलेत.

पाय काय सांगतोय ते बघा

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना चाळिसाव्या पायरीला पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चाळीस पायऱ्यांनी तेच. ही आजाराची पहिली पायरी. लोक म्हणतात वय झालं. पुढे चालताना नव्हे, तर रात्री झोपल्यावर चवडा आणि बोटं ठणकायला लागतात. माणूस उठून बसतो, पाय पलंगाखाली सोडतो, मग जरा बरं वाटतं, कारण खाली लोंबकळत्या पायात रक्त वजनाने उतरतं. नाना महिनाभर खुर्चीत बसूनच झोपत होते आणि घरच्यांना वाटत होतं की त्यांना दम लागतो.

घरी करता येईल अशी एक तपासणी सांगते. माणसाला उताणं झोपवा, दोन्ही पाय साधारण ४५ अंशांवर उचलून मिनिटभर धरा. रक्त कमी असलेला पाय पांढराफटक पडतो. मग उठून बसवा आणि पाय खाली सोडा. तोच पाय हळूहळू लालभडक, जांभळट होतो. हा लालपणा फसवा असतो. त्याला जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स चालू राहिलेले मी पाहिलेत. फरक सोपा आहे : पाय वर उचलल्यावर लाली गेली तर ती रक्ताच्या तुटवड्याची, राहिली तर जंतूंची शंका घ्या.

पोटरीवरचे केस गेलेत, कातडी तुकतुकीत झालीय, नखं जाड झालीत, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थंड आहे, हेही बघा. मात्र साखरेच्या रुग्णांत एक पंचाईत असते. पायाचे मज्जातंतू बधिर झालेले असल्याने त्यांना दुखतच नाही. "दुखत नाही म्हणजे काही नाही" हे वाक्य मी ज्या घरात ऐकते, तिथे मी पाय जास्त वेळ बघते.

दोन आठवड्यांच्या वर रात्रीचा ठणका, न भरणारी जखम किंवा काळं पडलेलं बोट, आणि सोबत रक्तपुरवठा कमी, असं असेल तर डॉक्टर फाईलवर सी. एल. टी. आय. अशी अक्षरं लिहितात. पाय गमावण्याची वेळ आणू शकणारा रक्ताचा तुटवडा, असा त्याचा अर्थ. ही अक्षरं दिसली की "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचं नाही. आणि पाय अचानक, काही तासांत, पांढरा, गार, बधिर पडला, बोटं हलेनाशी झाली, तर तो प्रकारच वेगळा. सहाएक तासांत स्नायू मरायला लागतात. १०८ ला फोन करा, वाचत बसू नका.

आकडे मागून घ्या

माझ्या पेटीत नसेतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारा, पेनाएवढा एक डॉपलर असतो. त्यावर जेल लावून पावलाच्या पाठीवर धरला, की चांगल्या नसेतून ठसठशीत, चाबूक ओढल्यासारखा आवाज येतो आणि त्याला मागून छोटा पडसाद असतो. नानांच्या पायावर नुसतं दूर कुठेतरी वारा वाहिल्यासारखं झालं, हुऽऽश, हुऽऽश. घोट्याच्या आतल्या बाजूला तेही नाही. मी त्या दिवशी पट्टी बांधली आणि सांगितलं, उद्या मला बोलवू नका, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा.

तिथे आधी घोट्याचा रक्तदाब घेऊन त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. दंडाला १४०, घोट्याला ६० असेल तर भागाकार ०.४३ येतो. ०.९ च्या खाली गेलं की नसा अरुंद झाल्यात, ०.४ च्या आसपास आलं की प्रकरण गंभीर. पण साखरेच्या आणि किडनीच्या रुग्णांत नसांच्या भिंतीत चुना साचतो, त्या दाबल्याच जात नाहीत आणि आकडा खोटा मोठा येतो. नानांचा घोटा २२० दाखवत होता, दंड १५०. भागाकार १.४७. आधीच्या एका ठिकाणी हाच कागद पाहून "रक्त भरपूर आहे" असं सांगितलं गेलं होतं. १.४ च्या वर आकडा गेला की तो भरवशाचा नाही, आणि मग पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यायचा, कारण बोटांच्या बारीक नसांत चुना कमी साचतो. नानांच्या अंगठ्याचा दाब निघाला २८. तिशीच्या खाली जखम आपली आपण भरण्याची आशा फार थोडी.

म्हणून घरच्यांनो, डॉक्टरांना एवढंच विचारा : "अंगठ्याचा दाब किती आहे?" प्रश्न ऐकून डॉक्टर मान वर करून तुमच्याकडे बघतील.

२०१४ पासून एक सोपी पद्धतही वापरात आहे. जखम, रक्त आणि जंतुसंसर्ग, या तिघांना वेगवेगळे ० ते ३ गुण द्यायचे. नानांचे २, ३, १ होते. बोटापुरतं काळं पडलेलं, म्हणून जखमेचे २. अंगठ्याचा दाब तिशीखाली, म्हणून रक्ताचे ३. थोडीशीच लाली, म्हणून संसर्गाचा १. हे तीन आकडे मला आवडतात, कारण त्यात जखमवाले आणि नसवाले एकाच कागदावर येतात. एरवी मी काय ऐकते? नसवाले म्हणतात, नस उघडून दिली, जखमेचं तुम्ही बघा. जखमवाले म्हणतात, पट्टी चालू आहे, रक्ताचं ते बघतील. आणि पाय मधल्यामध्ये.

आधी काय, मग काय

साधारण क्रम असा : रक्त आधी, कापाकापी नंतर. काळं बोट कोरडं असेल, वाळलेल्या खारकेसारखं, पू नाही, वास नाही, तर त्याची घाई नाही. नानांच्या मुलाचं म्हणणं होतं, "घाण आहे ना, काढून टाका एकदाची." रक्त नसताना बोट काढलं तर बोट काढल्याची जखमही भरत नाही, मग चवडा काढावा लागतो, मग पोटरी. ही जिन्यावरून घसरण मी वॉर्डात नको इतक्या वेळा पाहिली. आधी नस उघडली की जिवंत आणि मेलेल्या कातडीमधली रेघ स्पष्ट होते आणि कमीत कमी काढावं लागतं.

या नियमाला एकच मोठा अपवाद आहे. पू, दुर्गंधी, सुजलेलं ओलं काळं मांस, दाबल्यावर चुरचुर आवाज, ताप, थंडी, जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे पसरलेली लाली, अचानक वाढलेली साखर, यांतलं काही दिसलं तर आधी पू काढायचा, त्याच दिवशी, रात्र असली तरी. रक्ताचा मार्ग त्यानंतर काही दिवसांत उघडायचा. कोरडं गँगरीन वाट पाहू देतं, ओलं देत नाही. घरच्यांनी पाठ करावं असं वाक्य असेल तर हेच.

नस उघडेपर्यंत घरी काय करायचं? शक्य तितकं कमी. कोरडं बोट कोरडंच ठेवायचं. पोव्हिडोन आयोडीन हलकेच लावायचं, वाळू द्यायचं, बोटांच्या मध्ये गॉजची पातळ घडी ठेवायची म्हणजे शेजारचं बोट भिजत नाही, वरून सैल रोल गॉज. बस्स. जेल नको, ओलं ड्रेसिंग नको. वाळलेल्या काळ्या बोटाला ओलं केलं की जंतूंना आमंत्रण. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवणं नको. गरम पाण्याची पिशवी तर घरातून लपवून ठेवा. पाय गार लागतो म्हणून प्रेमाने दिलेला शेक बधिर पायाला भाजतो, आणि ती भाजलेली जखमही पुन्हा रक्ताविना भरत नाही. हळद, चहापूड, तुरटी, जखमेवर लावायचे सगळे घरगुती उपाय मी आदराने स्वयंपाकघरात परत पाठवते.

टाचेचं विसरू नका. अंथरुणावर पडलेल्या माणसाची टाच दोन दिवसांत काळी पडू शकते. पोटरीखाली लांबट उशी ठेवा, टाच हवेत तरंगली पाहिजे. टाचेखाली कागद सरकवून बघा, तो आरपार गेला पाहिजे.

फुगा की बायपास

नेमकी अडचण कुठे आहे हे अँजिओग्राफीत कळतं. मग दोन मार्ग. जांघेतल्या नसेतून बारीक तार घालून फुग्याने नस आतून रुंद करणं, लागलं तर स्टेंट. किंवा मांडीची स्वतःची शीर काढून अडथळ्याला वळसा घालणारा बायपास. कोणतं चांगलं यावर अजूनही वाद आहे. २०२२ मध्ये आलेल्या बेस्ट-सी.एल.आय. या मोठ्या चाचणीत पायातली शीर चांगली असलेल्यांना बायपास सरस ठरला, आणि २०२३ मधल्या बॅसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या नसांसाठी आधी फुगा घेतलेल्यांचा पाय आणि जीव जास्त वाचला. म्हणजे शेजारच्या काकांना काय केलं यावरून आपल्या नानांना काय करायचं ते ठरत नाही. आपण विचारायचं ते हे : "शीर चांगली आहे का, ती सोनोग्राफीत पाहिली का? आणि जखम ज्या भागात आहे, तिथली नस उघडणार आहात का?"

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. गुडघ्याखाली तीन मुख्य नसा आहेत. पुढची पावलाच्या पाठीला आणि बोटांकडे जाते, मागची तळव्याला आणि टाचेला, तिसरी बाहेरच्या घोट्याकडे. पेठेतल्या व्हॉल्व्हसारखंच. जखम कसब्यात आणि पाणी सोडलं शनिवारात, तर थोडं झिरपून पोचेल, पण थेट यायचं ते वेगळंच. थेट वाट नेहमी उघडते असंही नाही, हे खरं. नानांची पुढची नस उघडली, मागचीत तार गेलीच नाही.

किडनीचं आधी सांगून ठेवा. अँजिओचं औषध किडनीवर भार टाकतं, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यायचा आणि साखरेच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन थांबवायची का, कधी सुरू करायची, ते विचारून घ्यायचं. घरी आल्यावर जांघेतल्या टोचलेल्या जागी फुगवटा आला किंवा रक्त आलं तर पाच बोटांनी घट्ट दाबून धरा आणि फोन दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा. हात सोडायचा नाही.

खिडकी उघडली, आता घाई

नानांच्या अंगठ्याचा दाब २८ वरून ५२ झाला. घरात पेढे. मी मात्र सूनबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, खरं काम आता आहे.

कारण गुडघ्याखाली फुग्याने उघडलेली नस पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत होतं. ही एक खिडकी आहे. जखम भरायला रक्त भरपूर लागतं. भरून झालेली कातडी टिकवायला त्याहून कमी पुरतं. म्हणजे खिडकी उघडी असेपर्यंत जखम बंद करायची, हा सगळा खेळ आहे. नस उघडली म्हणून निवांत झालेलं घर ती खिडकी वाया घालवतं.

अकराव्या दिवशी नानांची करंगळी काढली. रेघ तोवर स्वच्छ उमटली होती. जखम शिवली नाही, उघडी ठेवली. आता मात्र पट्टीचं शास्त्र उलटं होतं : इतके दिवस कोरडं, आता ओलसर. ओलसर जखमेवर कातडी लवकर सरकते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. तरी आपल्याकडे "जखमेला हवा लागू द्या" अजून चालू आहे.

मी पट्टी कशी करते ते सांगते, म्हणजे घरी करणाऱ्यांना हात बसेल. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी. पंखा बंद, मांजर बाहेर. हात साबणाने कोपरापर्यंत. जुनं गॉज चिकटलं असेल तर ओढायचं नाही, त्यावर सलाईन ओतायचं आणि पाच मिनिटं गप्पा मारायच्या. नाना या पाच मिनिटांत मला प्रेसमधल्या खिळे जुळवण्याच्या गोष्टी सांगायचे. गॉज सुटलं की २० मिलीच्या सिरिंजने सलाईनचा झोत मारून जखम धुवायची, आतून बाहेर. सलाईनची बाटली उघडल्यावर दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, म्हणून १०० मिलीच्या बाटल्या घ्या. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघायला छान वाटतो, पण नवीन मांस जाळतो. आयोडीनचं कामही आता बहुतेक संपलं.

मग वास घ्या. हो, नाक लावून. आणि रंग बघा. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलसर, पुसताना एखाद-दोन थेंब रक्त येणारं मांस म्हणजे नळाला पाणी आहे. फिकट गुलाबी, शिळं, करडट मांस, पुसलं तरी रक्ताचा टिपूस नाही, म्हणजे वर कुठेतरी पुन्हा अडलंय. पिवळा चिकट थर असेल तर तो ब्लेडने काढायचं काम शिकलेल्या हाताचं, घरच्या कात्रीचं नाही. जखमेत बारीक सळई घातली आणि ती टणक हाडाला टेकली, तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका, मग एक्स-रे.

वर काय ठेवायचं ते जखमेतून झिरपणाऱ्या पाण्यावर ठरतं. जखम कोरडी पडत असेल तर जेल, थोडं पाणी असेल तर फोम, खूप असेल तर अल्जिनेट. चांदीचं ड्रेसिंग संसर्ग असेल तेवढेच दिवस. ते महाग आहे आणि महाग म्हणजे चांगलं असं नसतं. सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानात एकेक नग सुटा मागा, अख्खा डबा नको. दोन आठवड्यांनी जखमेचा स्वभाव बदलतो आणि डबा माळ्यावर जातो. जखमेच्या कडा पांढऱ्या, पाण्यात भिजलेल्या बोटांसारख्या झाल्या तर कडेला झिंक ऑक्साइडची मलई लावा. नानांना दोन आठवडे जखमेतलं पाणी ओढून घेणारं व्हॅक मशीनही लावलं होतं, खोलगट जखम लवकर भरून यायला. ते मशीन मेलेल्या मांसावर आणि रक्ताविना पायावर लावत नाहीत, हे लक्षात असू द्या. कुणी नस न तपासता सुचवलं तर थांबा.

पट्टीचा घट्टपणा. इथे माझी चूक सांगते. वॉर्डात नवी होते तेव्हा. नस उघडल्यानंतर पाय सुजतो, रक्ताचा लोंढा आल्यावर हे होतंच. एका आजोबांची सूज बघून मी क्रेप बँडेज छान ताणून बांधलं, शाळेत शिकवलं तसं आठच्या आकड्यात. सकाळी नडगीवर लांब फोड. सर्जन मला ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "आपण काल चार तास खपून उघडलं ते तुम्ही बाहेरून बंद केलंत." तेव्हापासून माझा नियम : पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, चिकटपट्टी कातडीला गोल वेढायची नाही, पट्टीला पट्टी चिकटवायची. सूज असेल तर पाय स्टुलावर, छातीपेक्षा उंच नाही. व्हेरिकोज व्हेन्सचे घट्ट मोजे कुणाचे तरी उरलेत म्हणून घालायचे नाहीत.

दर रविवारी फोटो. त्याच जागी, त्याच उजेडात, शेजारी शाळेची पट्टी ठेवून. लांबी गुणिले रुंदी वहीत लिहायची. नानांचं पहिल्या रविवारी ४ बाय ३, म्हणजे १२. चार आठवड्यांनी निम्मं झालं तर गाडी रुळावर आहे. नानांचं पाचव्या रविवारी ५ भरलं. सगळे खूश. मग आठव्या आणि नवव्या रविवारी दोन्ही फोटो सारखे. मांसाचा रंगही उतरला. पट्टीत काही बदललं नव्हतं, साखर ठीक होती, नाना पाय टेकत नव्हते. मी सूनबाईंना म्हटलं, ड्रेसिंग बदलायचं नाही, डॉपलर करायचा. नस पुन्हा आवळली होती. दुसरा फुगा झाला आणि सतराव्या आठवड्यात जखम मिटली.

हे सांगते कारण बहुतेक ठिकाणी अशा वेळी ड्रेसिंगचा ब्रँड बदलतात. जखम थांबली की आधी वरचा नळ बघायचा. नस उघडल्यावर महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तपासणी सर्जन सांगतातच, पण जखम त्याआधी निरोप पाठवते.

पाय टेकायचा नाही, आणि बाकीचं

चवड्याच्या जखमेवर दिवसाला दोन हजार पावलं टाकली तर दोन हजार वेळा ती चिरडली जाते. बधिर पायाला ते कळत नाही. टाचेवर वजन घेणारी चप्पल, वॉकर, कमोडची खुर्ची खोलीतच. वाड्यात संडास खाली असेल तर ही सोय आधी. पूर्ण प्लास्टर घालून वजन काढण्याची पद्धत चांगली आहे, पण रक्त फारच कमी असताना किंवा संसर्ग असताना ती वापरत नाहीत. भरल्यानंतर एम. सी. आर. नावाच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल. अंगठ्याची चप्पल कायमची बंद. पालखीच्या दिवसांत दोन पावलं अनवाणी चालायचीच म्हणणाऱ्यांना मी हात जोडते आणि सांगते, माउली चप्पल घातलेल्यांनाही ओळखते.

तंबाखू सुटली नाही तर वरचं सगळं वाया. विडी, सिगारेट तर झालीच, पण आमच्या बायकांची मिसरी कुणी धरतच नाही. विचारलं तर उत्तर येतं, "व्यसन नाही हो, दात घासते फक्त." दिवसातून पाच वेळा दात घासतात. तिशी-चाळिशीच्या तरुणांत बर्जर नावाचा नसांचा आजार तंबाखूमुळेच भडकतो, आणि त्यात तंबाखू पूर्ण सोडणं हेच मुख्य औषध आहे.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, या दोन्ही जखम भरल्यावरही चालू राहतात. काहींना ॲस्पिरिनबरोबर रिव्हारोक्सॅबान अडीच मिलीग्रॅम दिवसातून दोनदा देतात. दात काढायचा असला तरी यांतली एकही आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि खाणं. पथ्य म्हणून निव्वळ ज्वारीची भाकरी आणि दुधी खाणाऱ्याची जखम कशी भरणार? अंडी, मटकी, मूग, ताक, पनीर, मासे चालत असतील तर मासे. किडनी अधू असेल तर प्रथिनं किती, ते डॉक्टरांकडून ठरवून.

पैशाचं बोलायला लोक लाजतात आणि तारीख पुढे ढकलतात, तेवढ्यात बोट ओलं होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा आणि तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तिथल्या समाजसेवकांना गाठा. सरकारी ससून रुग्णालय आहेच.

आणि एक वही. माझ्या सगळ्या घरांत मी ती करायला लावते, शंभर पानी. पहिल्या पानावर तीन आकडे, अंगठ्याचा दाब, क्रिएटिनिन, साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट. पुढे दर रविवारचं माप. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नसवाल्या डॉक्टरांना आणि पट्टीवाल्यांना एकाच ग्रुपमध्ये. दोघांनी एकच फोटो पाहिला की "ते बघतील" हे वाक्य आपोआप बंद पडतं.

नानांची करंगळी गेली, पाय राहिला. आता मी त्यांच्याकडे तीन महिन्यांतून एकदा जाते, दुसऱ्या पायासाठी. तोही तेवढाच जुना आहे, तीच साखर, तीच नसांची गंज, फक्त अजून चप्पल चावलेली नाही. रोज रात्री सूनबाई तळव्याखाली हातआरसा धरतात, बोटांच्या बेचक्या बघतात, कुरूप दिसलं तर मला फोटो टाकतात, ब्लेड कुणी लावत नाही. परवा डॉपलर ठेवला तर आवाज बरा होता, पडसादही होता. नानांनी तो मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला.